वैकुंठवासी वडिलांची स्मरणिका: छपाईवाले काय देतात आणि काय मागून घ्यावं लागतं

घरातला माळकरी माणूस गेला की वर्षश्राद्धाच्या महिना-दीड महिना आधी स्मरणिकेचा विषय निघतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, पेठांमध्ये आणि आता प्रत्येक तालुक्याच्या गावी 'स्मरणिका करून मिळेल' अशी सोय आहे. हे काम करणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे. स्वतःचा डीटीपी ऑपरेटर (संगणकावर अक्षरं जुळवणारा) ठेवणारा जुना ऑफसेट प्रेस, लग्नपत्रिका आणि प्रकल्पांची पुस्तकं छापणारं डिजिटल प्रिंटचं दुकान आणि मोबाइलवरून फोटो चढवले की घरपोच पुस्तक पाठवणारी ऑनलाइन फोटोबुक सेवा. इथे या तिन्हींचं परीक्षण एकाच मापाने केलं आहे: चाळीस-पन्नास वर्षं पंढरीची वारी केलेला, शेती किंवा नोकरी सांभाळून घर उभं केलेला, गावच्या सोसायटीत आणि सप्ताहात राबलेला माणूस, ए-फाइव्ह आकाराची ३२ पानं, ३०० ते ५०० प्रती.

निकाल आधीच सांगायचा तर छपाई तिघांचीही आज चांगली आहे. कागद, रंग, बांधणी यांत तक्रारीला फारशी जागा नाही. मजकुरात मात्र फार मोठा फरक पडतो, आणि तिथे जुना प्रेस बाकी दोघांच्या कितीतरी पुढे आहे. त्याचं यंत्र भारी असतं म्हणून नाही. टेबलापलीकडे बसलेला माणूस हस्तलिखित चाळता चाळता विचारतो, "वडील माळकरी होते ना? मग 'कै.' कशाला लिहिलंय?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वारकरी गेला की तो वैकुंठवासी, म्हणून त्याच्या नावामागे 'वै. ह.भ.प.' लागतं. 'कै.' म्हणजे कैलासवासी. दुकानातल्या तयार साच्यात 'कै.' आधीच टाइप केलेलं असतं, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असतं, खाली दोन पणत्या आणि 'प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' ही तीन विशेषणं. नाव आणि फोटो बदलला की काम संपलं. बऱ्याच ऑनलाइन सेवांत तर साचा फारसा बदलता येत नाही, मजकुराची चौकटही ठरलेली असते. या साच्यात कुणाचंही नाव बसतं, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. ज्या माणसाने आयुष्यभर एकही एकादशी मोडली नाही, त्याच्या पानावर ते दिसायला हवं. पत्नीच्या नावामागे 'गं. भा.' छापायचं की 'श्रीमती', हेही साच्यावर सोडू नका. बऱ्याच घरांत आता 'श्रीमती'च हवं असतं. आईला विचारूनच ठरवा.

तारखेचा घोळ सगळ्यात महाग पडतो. पुण्यस्मरण तिथीने असतं आणि प्रेसला आपण देतो इंग्रजी तारीख. एरवी तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, पण मध्ये अधिक महिना आला की ती एकोणीसेक दिवस पुढे जाते. आषाढी एकादशीच बघा: २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला आणि २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आल्यामुळे, २५ जुलैला. म्हणजे २०२५ च्या आषाढात गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध २०२६ मध्ये तारखेनंतर एकोणीस दिवसांनी पडतं. फ्लेक्सवर एक तारीख, स्मरणिकेवर दुसरी आणि कीर्तनकाराला दिलेली तिसरी, असं होऊ द्यायचं नसेल तर प्रेसकडे जाण्याआधी पंचांग घेऊन बसा आणि मास, पक्ष, तिथी, वार, तारीख असं पाचही एका ओळीत लिहून द्या. शक लिहिणार असाल तर तो गुढीपाडव्याला बदलतो, १ जानेवारीला नाही. फेब्रुवारीतल्या तारखेपुढे पुढचा शक छापलेला अनेक पत्रिकांवर दिसतो.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती खरी तारीख असण्याची शक्यता फार कमी. नाव घालताना मास्तरांनी ती घातलेली असते, आणि त्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच येतो. खरी तारीख मिळत नसेल तर ओळखीच्या घटनेला बांधून घ्या. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. घरातली म्हातारी माणसं वर्ष सांगत नाहीत, पण 'धरण फुटलं तेव्हा तो चालायला लागला होता' हे बरोबर सांगतात. त्यावरून जन्मवर्ष काढा, आणि नुसतं वर्षच छापा. खोट्या तारखेपेक्षा ते चांगलं दिसतं.

आता मजकूर. 'त्यांनी समाजाची फार सेवा केली' हे वाक्य कोणताही प्रेस बिनचूक छापून देईल, पण ते वाचून कुणाला काहीच कळत नाही. सेवा कशी केली याचे पुरावे घरात आणि गावात पडलेले असतात, ते गोळा करायला दोन आठवडे द्या. सगळ्यात मोलाच्या असतात सप्ताहाच्या जुन्या पत्रिका. अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका दर वर्षी छापली जाते आणि तिच्यात सगळं नावानिशी असतं: वीणा कुणाची, पहारा कुणाचा, काकड्याला कोण, कोणत्या दिवशीची पंगत कुणाकडे, काल्याचं कीर्तन कुणाचं. देवघराच्या फळीवर किंवा ज्ञानेश्वरीच्या पानांत दहा-वीस वर्षांच्या पत्रिका सापडल्या तर वडील कधी पहारेकरी होते, वीणा त्यांच्याकडे कधी आली, पंगत त्यांनी किती वर्षं दिली, हे सलग लिहिता येतं. त्यानंतर सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, मंदिराच्या जीर्णोद्धाराची पावती पुस्तकं, शाळेच्या खोलीची कोनशिला, रक्तदानाची कार्डं. प्रोसिडिंग बुकात सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. 'पाणंद रस्त्याच्या ठरावाला सूचक' एवढी एक ओळ 'परोपकारी' या शब्दाच्या जागी घाला, गावाला लगेच कळेल.

दिंडीचा क्रमांक लिहिताना हमखास चूक होते. माउलींच्या सोहळ्यात दिंड्यांचे क्रमांक रथापुढचे वेगळे आणि रथामागचे वेगळे. नुसतं 'दिंडी क्र. १५' असं छापलं तर अर्थ अपुरा राहतो. 'रथामागे' हा शब्द डीटीपीवाला जागा वाचवायला काढून टाकतो, त्यावर नजर ठेवा. प्रस्थानही नीट लिहा: देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून माउलींची अष्टमीला. विणेकरी, टाळकरी, पखवाजवादक, चोपदार यांत गल्लत करू नका. विणेकऱ्याला 'वादक' म्हटलं तर भजनी मंडळातली माणसं ते पान वाचून गप्प होतील, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी ते बघणं घरच्यांना जड जाईल.

अभंग छापणार असाल तर कोणत्या गाथ्यातून घेतला तेही प्रेसला सांगा. वेगवेगळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, पाठही थोडे फिरतात. जुन्या लेखनातले 'कां', 'नाहीं', 'त्यासि' हे ऑपरेटरला चुका वाटतात आणि तो ते सुधारून टाकतो. मूळ पानाची फोटोकॉपी जोडा आणि वर लाल पेनाने 'असंच ठेवा' असं लिहा. वडिलांच्या स्वतःच्या गाथ्यात त्यांनी पेन्सिलने खूण केलेला अभंग असेल तर टाइप करूच नका, त्या पानाचा स्कॅन छापा.

फोटोंच्या बाबतीत तिन्ही सेवा ग्राहकाला पुरेसं सांगत नाहीत. ए-फाइव्हचं पूर्ण पान म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. त्यासाठी ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा असतो, म्हणजे सव्वापाच इंचांपर्यंतच नीट छापला जातो. मुखपृष्ठावर तो ताणला की चेहरा पिठूळ येतो. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या. जुना तीन बाय चार इंची फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर दुप्पट मोठा होतो. पासपोर्ट आकाराचा एकच फोटो हाती असेल तर १२०० डीपीआयने. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये चिकटवलेला फोटो उपटायला जाऊ नका, अख्खं पान स्कॅनरवर ठेवा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या दाणेदार कागदावरचे फोटो स्कॅन केले की चेहऱ्यावर जाळी दिसते. ते ओसरीच्या सावलीत, चारी बाजूंनी सारखा उजेड असताना कॅमेऱ्याने टिपलेले बरे.

फोटो 'स्वच्छ' करून देण्याची सोय आता सगळीकडे आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती फुकट असते. इथे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. कपाळावरचा गोपीचंदनाचा उभा गंध आणि त्यातला काळा बुक्का, हे त्या प्रोग्रॅमला चेहऱ्यावरचे डाग वाटतात. डाग काढला जातो आणि कपाळ कोरं होतं. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचे मणी एकमेकांत मिसळून एक चमकदार साखळी तयार होते. सुरकुत्या जातात, डोळे दुसऱ्याच माणसाचे होतात. ज्याने पन्नास वर्षं रोज सकाळी आंघोळ करून गंध लावला, त्याच्या शेवटच्या छापील फोटोत कपाळ कोरं असणं ही लहान चूक नाही. मूळ फोटो आणि केलेला फोटो शेजारी ठेवून कपाळ, गळा आणि हात हे तीनच भाग आधी तपासा. धूळ आणि ओरखडे काढायला सांगा, चेहऱ्याला हात लावू नका असं स्पष्ट लिहून द्या. या एका बाबतीत सगळ्यात जास्त बिघाड ऑनलाइन सेवांत होतो, कारण तिथे ते अनेकदा आपोआप घडतं आणि पुस्तक घरी आल्यावरच कळतं.

अक्षरजुळणीच्या अडचणी प्रेसमध्येही कमी नाहीत. अजूनही अनेक ठिकाणी श्री-लिपीचे जुने फॉन्ट आणि जुनं पेजमेकर किंवा कोरल ड्रॉ चालतं. आपण पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइलवर टाइप होतो त्या पद्धतीत) असतो, तो त्यांना आपल्या फॉन्टमध्ये आणायला कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. त्यात 'ऱ्या' तुटतो, आणि वारकऱ्याच्या स्मरणिकेत हा 'ऱ्या' पानापानावर असतो: वारकऱ्यांना, शेतकऱ्यांच्या, पायऱ्या, दुसऱ्या. 'ॲड.' मधला 'ॲ' आणि 'द्ध', 'ह्म', 'श्र' ही अक्षरंही बघायची. पानं मांडायचं नवीन सॉफ्टवेअर इनडिझाइन वापरणाऱ्यांकडे वेगळीच गंमत होते. तिथे भारतीय लिपीचा कंपोझर (अक्षरं जुळवण्याचा पर्याय) निवडायचा राहिला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, 'हरि', 'विठ्ठल' वाचवत नाही. ही चूक एका पानावर दिसली तर सगळीकडे असणार, म्हणून पहिल्याच पानावर पकडा. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' यांची वळणं बघा. हिंदी वळणाची अक्षरं मराठी डोळ्याला लगेच खुपतात. आकार संगणकावर बघून ठरवू नका, कारण प्रत्येक फॉन्टचा १४ पॉइंट वेगळा दिसतो. कागदावर एक पान काढून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला चष्म्यासकट वाचायला द्या. ठसठशीत अक्षर ठेवलं तर ए-फाइव्हच्या एका पानात सव्वादोनशे ते अडीचशे शब्द बसतात. लिखाण त्या हिशेबाने कापा.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासायचा नमुना, मोबाइलवर तपासलं की चूक निसटणारच. छापील प्रूफ मागा. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. नावं आणि आकडे यांची वेगळी फेरी करा. दुसऱ्या प्रुफात दुरुस्त्या झाल्या का एवढंच बघून सोडू नका. मध्ये एक ओळ वाढली की चौकटीतली शेवटची ओळ खाली लपते आणि छापून आल्यावर वाक्य अर्धं दिसतं. म्हणून प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीशी जुळते का ते बघा. जुने प्रेस तीन प्रुफं विनातक्रार देतात. डिजिटल दुकानात बहुधा एक मिळतं, पुढच्याचे पैसे पडतात. ऑनलाइन सेवेत कागदी प्रूफ नसतंच.

'शोकाकुल'च्या पानावर वाद होतात, आणि ते प्रेसमध्ये उभं राहून सोडवण्यासारखे नसतात. मुलांची नावं आधी आणि मुलींची नंतर असा साचा असतो. जन्माच्या क्रमाने मुलगे-मुली एकत्र लिहिले तर कुणाला मागे बसल्यासारखं वाटत नाही. लेकीचं सासरचं आडनाव तिला विचारून लिहा. नातवंडांची नावं शाळेत आहेत तशी, घरातली हाकेची नाही. आणि जी माणसं रक्ताची नाहीत पण शेवटच्या आजारपणात रात्रीला बसली, त्यांच्यासाठी दोन ओळी राखून ठेवा. छापून झाल्यावर आठवणारी नावं बहुतेक वेळा त्यांचीच असतात.

कागदाचं लवकर सांगून होतं. मजकुराला ८० जीएसएम (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद, चालतो, मात्र फोटो त्यावर शाई पितात आणि काळपट येतात. १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर सगळीकडे वापरलेला बरा. मुखपृष्ठ २५० जीएसएमचं आणि त्याला लॅमिनेशन हवंच, कारण ही पुस्तिका पंगतीतून उठलेल्या, बुक्का लागलेल्या हातांत जाते. पानांची संख्या चारच्या पटीत, ऑफसेटला आठ किंवा सोळाच्या पटीत ठेवली तर कागद वाया जात नाही. ३२ पानांना मधोमध पिन पुरते. चिकटवलेली बांधणी घेऊ नका, पुस्तक सपाट उघडत नाही आणि जोडपानावरचा दिंडीचा फोटो घडीत जातो. चेहरा घडीवर येऊ देऊ नका, कडेला दहा-बारा मिलिमीटर मोकळं ठेवा. मजकूर एकट्या काळ्या शाईत छापायला सांगा. चारही रंगांतून केलेला काळा जरा हलला की अक्षराला कडा फुटतात. कृष्णधवल फोटोही चार रंगांत गेले तर गुलाबी किंवा हिरवट झाक मारतात. भगवा रंग पडद्यावर दिसतो तसा कागदावर येत नाही. आधी एक पान छापून दाखवायला सांगा, नाहीतर पताका विटकरी होतात.

प्रती किती? माणसं मोजू नका, घरं मोजा. भावकी, गाव, सोयरे, दिंडीतली मंडळी, नोकरीतले जुने सहकारी, यांची घरं मोजून दहा टक्के वाढवा. तीनशेच्या खाली असाल तर डिजिटल दुकानच बरं पडतं, शंभर प्रती एका दिवसात होतात. तीनशेच्या वर ऑफसेट. प्लेटचा (ज्यावरून छापतात त्या धातूच्या पत्र्याचा) खर्च शंभरालाही तोच आणि हजारालाही तोच, त्यामुळे वरच्या शंभर प्रतींना फक्त कागद आणि बांधणी लागते. नंतर शंभर कमी पडल्या आणि परत छापायला गेलात तर मात्र सगळा खर्च पुन्हा. फोटोबुक सेवा दहा-पंधरा प्रतींपलीकडे परवडत नाही. आईसाठी आणि भावंडांसाठी जाड पुठ्ठ्याचं एकेक पुस्तक करायचं असेल तर तिथे ती चांगली आहे, कागद टिकाऊ असतो, बांधणी देखणी येते. न्यायच्या गाडीचाही विचार करा. १३० जीएसएमची ही पुस्तिका साधारण ८० ग्रॅमची होते, ५०० प्रती म्हणजे चाळीस किलो.

वेळ सहा आठवडे धरा: दोन गोळा करायला, एक लिहायला, एक जुळणीला, एक प्रुफांना आणि शेवटचा छपाई-बांधणीला. तिथी भाद्रपद-आश्विनात येत असेल तर आणखी पंधरा दिवस. तेव्हा दिवाळी अंकांची कामं असतात आणि प्रेसवाला आपलं काम रात्रीच्या पाळीला टाकतो. निवडणुका लागल्या असतील तरी तसंच.

पैसे निम्मे आधी आणि निम्मे गठ्ठे मोजून घेतल्यावर द्यायची पद्धत आहे. गठ्ठा मोजताना मधूनमधून एकेक प्रत उघडून बघा, एखाद्या फर्म्याची (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीची) पानं उलटी लागलेली किंवा कोरी गेलेली निघतात. तेव्हाच छपाईची पीडीएफ आणि मूळ फाइलही मागून घ्या. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकलेली, फाइल उपयोगाची नाही, तिच्यातला शब्द बदलता येत नाही. काही प्रेस मूळ फाइल द्यायला खळखळ करतात, म्हणून ही गोष्ट ऑर्डर देतानाच पावतीवर लिहून घ्यावी. पाच प्रती बाजूला काढून ठेवा: एक गावच्या वाचनालयाला, एक सोसायटीला, एक दिंडीच्या मालकांकडे, एक मंदिरात, आणि एक वडिलांच्या गाथ्याशेजारी देवघराच्या फळीवर, सप्ताहाच्या पत्रिका होत्या तिथे.